सरांनी केलेली भाषांतरं

“थोडक्यात सांगतो,” असं म्हणून सर चष्मा काढायचे आणि रुमालाने पुसायला घ्यायचे. तोवर समोरचा जपानी क्लायंट सात मिनिटं बोललेला असायचा, मध्येच वहीत दोन चौकटी काढून त्यांना बाण जोडलेले असायचे. पुण्याहून आलेली आम्ही पाच जणं पेन सरसावून बसलेलो. सर सावकाश चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि म्हणायचे, “नाही म्हणतायत.”

पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं विमानं भरभरून तोक्योत उतरत होती, तेव्हाची गोष्ट. आम्हाला प्रोग्रॅम लिहिता यायचे, जपानी यायचं नाही. सरांना प्रोग्रॅममधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ते पुण्यात एका कारखान्याच्या एक्स्पोर्ट खात्यात वीस वर्षं होते आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकले होते. कंपनीने त्यांना आमचे दुभाषी म्हणून पाठवलं. पन्नाशीचा माणूस, त्यामुळे आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एक शब्द शिकवला. “मुझुकाशी. म्हणजे अवघड. पण मीटिंगमध्ये हे लोक ‘अवघड आहे’ म्हणाले की लॅपटॉप मिटायचा आणि उठायचं. तोंडावर नाही म्हणणं यांना जमत नाही.”

मी अर्थातच ऐकलं नाही. एका स्क्रीनबद्दल क्लायंट मुझुकाशी म्हणाला, तेव्हा मी हट्टाने पंधरा दिवस खपून तो करून दाखवला. क्लायंटने खाली वाकून माझे आभार मानले आणि स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सर लिफ्टमध्ये हसत होते. “अगं, तुला त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच नाही सांगितलं होतं की.”

तोक्योतल्या फुनाबोरीत मी त्यांच्याच इमारतीत, दोन मजले वर राहत होते. त्या उन्हाळ्यात काकू आजारी पडल्या. आधी अन्न जाईना, मग पोट दुखायला लागलं, मग हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या. काकूंना जपानीचा गंध नव्हता, त्यामुळे तिथेही दुभाषी सरच. मी एकदा खिचडी घेऊन गेले तेव्हा काकू उशीला टेकून बसल्या होत्या. सर स्वयंपाकघरात चहा टाकत होते.

“ह्यांच्या जपानीवर माझा काडीचा विश्वास नाही गं,” काकू म्हणाल्या. “तो डॉक्टर एवढा वेळ बोलतो, बोलताना माझ्याकडे बघत नाही, आणि हे सांगतात काय, तर पथ्य पाळा!”

आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, “काही असो, मला दिवाळीला घरी जायचंय.” मुलगी बारावीला होती, पुण्यात आत्याकडे राहत होती. काकूंना तिला भेटायचं होतं, दुसरं काही त्या मागत नव्हत्या.

ऑक्टोबरात सर आणि मी नागोयाला गेलो. तिथल्या कारखान्यात आमची सिस्टीम नोव्हेंबरात सुरू व्हायची होती. क्लायंटचे सेक्शन प्रमुख, ज्यांना सगळे काचो म्हणायचे, बेसबॉलचे वेडे. त्यांचं गाव त्या वर्षी देशाच्या अजिंक्यपदाची मालिका खेळत होतं आणि शनिवारच्या सामन्याची तिकिटं त्यांनी कुठून तरी पैदा केली होती. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

मैदानाला छप्पर होतं, आत कर्णे वाजत होते आणि प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं सगळ्यांना तोंडपाठ होतं. आम्ही दोघं क्रिकेटवर वाढलेले. सर सारखे विचारत होते, “ओव्हर संपली का?” एकदा फटक्याचा चेंडू उसळत आमच्या रांगेत आला आणि सरांनी तो उचलून मोठ्या तत्परतेने मैदानात परत फेकला. आजूबाजूचे लोक हळहळले. काचोंनी कपाळाला हात लावला. तो चेंडू ज्याला मिळाला त्याने घरी न्यायचा असतो. “आपल्याकडे न्यायला लागले तर मॅच कशी संपायची?” सर मला म्हणाले. ते हसले, त्या दिवसातलं तेवढंच.

पुढे एका फलंदाजाने बॅट नुसती आडवी धरली, चेंडू पायाशी पाडला आणि साथीदाराला पुढच्या टप्प्यावर पोचवण्यासाठी स्वतः बाद झाला. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. काचो सरांना काहीतरी उत्साहाने समजावू लागले. मी विचारलं, काय म्हणतायत? सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “बुधवारी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं होतं.”

कर्ण्यांच्या गोंगाटात मला पुढे वाकून ऐकावं लागलं. इथे डॉक्टर आधी घरच्यांना सांगतात आणि रुग्णाला सांगायचं की नाही ते त्यांना विचारतात. सरांनी काकूंना काही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन मुझुकाशी आहे. घरी न्यायचं असेल तर आत्ता न्या, आत्ता प्रवास झेपेल.

“डॉक्टर काही आपला क्लायंट नाही,” सर म्हणाले. “डॉक्टरच्या तोंडी अवघड म्हणजे अवघडच असणार ना गं? अवघड ऑपरेशनंही होतातच की.”

हा शब्द मला याच माणसाने शिकवला होता. अर्थ मला कळला होता आणि तो मी सांगायला हवा होता. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही: सर पुण्याला गेले तर सिस्टीम सुरू कशी होणार? आणि वयाने एवढ्या मोठ्या माणसाला तुमचा अर्थ चुकतोय, हे सांगायची माझी छातीही झाली नाही. “हो सर,” मी म्हणाले. “डॉक्टर लोक सरळच बोलतात. सिस्टीम चालू झाली की लगेच न्या काकूंना. दिवाळी आहेच पुढे.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते फार बरं वाटलं, हे मी पाहिलं. सामना काचोंचा संघ हरला. भोवती मोठी मोठी माणसं रडत होती, त्यामुळे सरांकडे कोणी पाहिलं नाही.

सिस्टीम वेळेवर सुरू झाली. काचोंनी आमचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी फुनाबोरीहून शेजारणीचा फोन आला. आम्ही मिळेल ती गाडी पकडून हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता विमान नाही. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्यात अवघड वगैरे शब्द नव्हता. काकू आणखी नऊ दिवस होत्या. मुलीच्या व्हिसाला दहा लागले.

स्मशानभूमीत सर आणि मुलगी पुढे उभे होते, मी मागे. भट्टीच्या पोलादी दारासमोर पांढरे हातमोजे घातलेला एक कर्मचारी वाकला आणि हळू, अतिशय नम्र जपानीत बोलला. माझं जपानी तेव्हा बेताचंच, पण कळलं. सरांना तर शब्द न् शब्द कळला असणार. ते वळून माझ्याकडे पाहू लागले.

“काय म्हणतायत गं ते?”

“सर, शेवटचं बघून घ्या म्हणतायत. आता दार उघडणार आहेत.”

मुलीने त्यांचा हात धरला. सर जागचे हलले नाहीत.

“नीट विचार,” ते म्हणाले. “परत एकदा विचार त्यांना.”

मी परत विचारलं. तो माणूस पुन्हा तितक्याच नम्रपणे वाकला आणि त्याने तेच सांगितलं.