भिजवलेले चणे

भिजल्या चण्यांचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. उत्तरेत बख्शी का तालाब या गावी आमच्या टांग्याच्या घोडीचं पोट दुखत होतं, आम्ही दोघं आळीपाळीने तिला फिरवत होतो. "अहो, ओकली तर मोकळी होईल ना?" बायको म्हणाली. "अगं, घोड्याला ओकता येत नाही. गेलं ते मागूनच निघणार." मग तिने घोडीच्या कुशीला कान लावला. "गुडगुडतंय! सुटली बाई." सवयीने तिने घोडीचे सकाळचे चणे बादलीत भिजवले, चहा ठेवला आणि गॅसपाशीच कोसळली. मी तिच्या छातीला कान लावला. काहीच नाही. फौजेत घोडे सांभाळण्यात माझा जन्म गेला, माणसाचं काय करतात ते ठाऊक नव्हतं. सकाळी बादलीतले चणे फुगले होते. दुखऱ्या पोटाच्या घोडीला ते चालत नाहीत, आणि मला टाकवेनात. तिथंच बसून मीच खाल्ले.