कोपरच्या गोमादादांचा कुठला हात?

कोल्हापूरहून निघताना आमचे हे भाचीच्या वास्तुशांतीचा आहेर घरीच विसरले, पण कोपरला जायचं काही विसरले नाहीत. कोपर म्हणजे डोंबिवली पश्चिमेची वस्ती. तिथे गोमादादा राहतात. आमच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी भारताकडून खेळताना एका युरोपियन संघाचा शेवटच्या मिनिटातला गोल अडवला होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आम्ही दोघांनी तो पाहिला आणि त्याच संध्याकाळी आमचं पहिलं भांडण झालं. हे म्हणाले, डाव्या हाताने अडवला. मी म्हणाले, उजव्या. मी शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायची, त्यामुळे माघार घेणं शक्यच नव्हतं. सामन्याचं चित्रण कुठेच सापडलं नाही, म्हणून भांडण आजवर टिकलं.

भाचीचं घर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, इतकं उंच की गॅलरीतून खालच्या गाड्या मुंग्यांसारख्या दिसतात. फरक इतकाच की मुंग्या पुढे सरकतात. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिथून कोपरला निघालो. बस ठाण्यातल्या टेंभी नाक्याला पोचेपर्यंत शेजारच्या बाईंनी मला आपल्या सुनेची हकीकत सांगून संपवली.

नाक्यावर उतरून मिसळ खाल्ली. वेटर काळजीने म्हणाला, "काका, तिखट आहे हां." कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकवल्यावर काय होणार? ह्यांनी जास्तीची तर्री मागवली. चार घासांनंतर पाणीही मागवलं, आणि ते माझ्यासाठी असल्याचं वेटरला सांगितलं.

पुढे टॅक्सीने माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडली. दोन्ही काठांना खारफुटी, आणि तिच्या डोक्यावरून डोकावणारे टॉवर. कोपरला एका पानवाल्याला विचारलं, तर तो दुकान तसंच टाकून आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

गोमादादांच्या भाताच्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. ते तळमजल्यावर राहतात. पुढचं अंगण मात्र त्यांनी बिल्डरला दिलं नाही. सत्तरी ओलांडलेला, दाराच्या चौकटीत वाकून येणारा माणूस. लहानपणी खाजणात (खाडीकाठच्या चिखलात) उड्या मारून गोल अडवायला शिकलो, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या पत्नी मंजुळावहिनींनी चिंबोरीचा (खेकड्याचा) रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. हात धुतल्यावर ह्यांनी शेवटी विचारलं, कुठला हात होता?



"मना (मला) काय ठावं?" गोमादादा म्हणाले. "डोका खांबावर आपटला. डोले उघडले, तं मी दवाखान्यात."

आम्ही वहिनींकडे पाहिलं. त्या तेव्हा मैदानातच होत्या. पण बॉल यांच्याकडे आला की आपण डोळे मिटायचो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

मग गोमादादा खुर्ची पुढे ओढून ह्यांना म्हणाले, "तुमी बगितलाव ना? मंग तुमीच मना सांगा. मी कसा अडवला?"

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. आयुष्यभर लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत आले होते, आणि ज्यासाठी थाप, तेच त्यांना आठवत नव्हतं. आमचं भांडण मला एकाएकी फार छोटं वाटलं.

ह्यांनी तोंडी सांगून पाहिलं, मी मध्येच दुरुस्त्या केल्या. ते जमेना, तेव्हा आम्ही अंगणात उतरलो. नातवाचा प्लास्टिकचा बॉल होता. तुळस आणि स्कूटर यांच्यामध्ये गोल ठरला. मी साडी खोचून बॉल मारला. आमचे हे डावीकडे झेपावले आणि स्कूटरसकट आडवे झाले.

गोमादादांना ते बघवेना. असं नसतं, असं म्हणत ते स्वतः तुळशीशेजारी उभे राहिले. वहिनी गुडघ्यांची आठवण करून देत होत्या, पण ते ऐकत नव्हते. मी बेताने मारायचं ठरवलं होतं, पाय मात्र जुन्या सवयीने चालला. बॉल त्यांच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या वरून निघाला. त्यांचं सगळं शरीर उजवीकडे कललं आणि डावा हात डोक्यावरून येऊन बॉलला लागला. बॉल तुळशीवरून कुंपणापलीकडे गेला.

वहिनींचे डोळे या वेळी उघडे होते. "बगितला मी," त्या हळूच म्हणाल्या.

गोमादादा तो हात पुढे धरून पाहत राहिले. मग म्हणाले, "परत मारा."

संध्याकाळी घोडबंदरच्या रांगेत टॅक्सी उभी असताना ह्यांनी खरचटलेलं कोपर चोळत जाहीर केलं की हात डावाच होता. मी म्हटलं, झेप मात्र उजवीकडेच होती. ड्रायव्हरने आरशातून आम्हाला पाहिलं. त्या सामन्यातही असंच घडलं होतं का, हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. टीव्हीवरचा तो गोल आठवायला गेले, तर आता मला अंगणच दिसतं, आणि पुन्हा तयार होऊन, गुडघ्यांत वाकून उभे असलेले गोमादादा.