चौथ्या पायरीची दुरुस्ती

ऑफिसात त्याला सगळे 'करूनबघू' म्हणत. ऑपरेटिंग सिस्टिमची मार्गदर्शक पानं तपासणं हे त्याचं काम, आणि पानावरची प्रत्येक ओळ स्वतः यंत्रावर चालवून बघितल्याशिवाय तो पुढे सोडत नसे. कुणी म्हणालं, "बरोबरच आहे हो," की हा विचारणार, "करून बघितलंत?" नवी मंडळी त्याची नक्कल करत आणि धाकाने करूनही बघत. बावीस वर्षं असं वागलेल्या माणसाला थोडा ताठा येतोच. त्यालाही होता.

वर्षापूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीने कॉम्प्युटर पुसून नवी आवृत्ती घातली. त्याआधी भावोजींचे सगळे फोटो तिने बाहेरच्या डिस्कवर उतरवले होते. निदान तिला तसं वाटलं. डिस्क उघडली तर रिकामी. भावोजींना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. "मला मेलीला त्यातलं काय कळतं! माझ्याच हाताने घालवले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तोही मान डोलवायचा.

एका रविवारी तिच्या शिलाई मशीनचा ड्रॉवर अडकला म्हणून त्याने तो ओढून काढला. टेपांखाली एक छापील कागद सापडला, त्याच्याच कंपनीचं पान. ताई जन्मभर शिवण शिकवत आलेली, दोनदा मापल्याशिवाय कात्री न लावणारी. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची खूण होती. चौथी पायरी सांगत होती: बाहेरची डिस्क लावली की ती 'एमएनटी' फोल्डरात दिसते, फोटो तिथे ठेवा.

दोन आवृत्त्यांपूर्वी दिसायची. नंतर ती 'मीडिया' फोल्डरात दिसू लागली आणि 'एमएनटी' नुसता रिकामा उरला. ताईच्या यंत्राने फोटो निमूटपणे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे स्वतःच्याच पोटात ठेवले, आणि पुसताना तेही पुसले गेले. पानाच्या तळाशी तपासणाऱ्याचं नाव त्याचंच होतं. हे पान त्याला तोंडपाठ, म्हणून तेवढं एकच त्याने करून न बघता सोडलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सोमवारी त्याने दुरुस्ती केली. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "एका शब्दाचा तर बदल. नोंदीत बदलाचं कारण 'किरकोळ' लिहा, कोण विचारतंय!" खरंच कुणी विचारलं नसतं. ताईने तर नाहीच. त्याने कारण लिहिलं, 'करून न बघता मी मंजूर केलं', आणि फोन उचलला.

"ताई, पानातली चौथी पायरीच चुकीची होती. ते पान मी पास केलेलं. फोटो माझ्यामुळे गेले."

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं. शिव्या खायची त्याने तयारी ठेवली होती.

"म्हणजे मी सगळं नीट केलं होतं?"

"अगदी नीट."

ती रडू लागली. भावोजी गेले तेव्हाही तिला असं रडताना त्याने ऐकलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. बऱ्याच वेळाने नाक ओढत ती म्हणाली, "आता काय लिहिलंयस, वाच." त्याने वाचलं. "आणि फोटो खरंच उतरले की नाही, ते कसं कळायचं? तेही लिही की."

त्याने पाचवी पायरी घातली: काहीही पुसण्याआधी डिस्क काढून पुन्हा लावा आणि एक फोटो उघडून बघा. मग नेहमीप्रमाणे पान चालवायला बसला. त्यासाठी एक फोटो हवा होता. त्याच्याकडे भावोजींचा एकच होता, कडेला अर्धा कापला गेलेला. तो त्याने डिस्कवर ठेवला, डिस्क काढली, पुन्हा लावली. फोटो उघडला.

बंद करून त्याने पुन्हा एकदा करून बघितलं.