वाकडं तोंड आणि गेलेली शिट्टी

गेल्या महिन्यात आगरदांड्याच्या जेट्टीवर माझी शिट्टीच वाजेना. आमचे टेम्पो फेरीबोटीत रिव्हर्सने चढतात, आणि ड्रायव्हर आरशापेक्षा माझ्या शिट्टीवर चालतो... त्या सकाळी डाव्या गालातून नुसती हवा गेली.

चहा प्यायलो तर तोही ओघळला. बायको म्हणाली, खाडीचं वारं लागलं, जायफळ उगाळून लावते. ड्रायव्हर म्हणाला, शेट, परवा फ्लूची लस घेतलीत ना, तिचंच हे. दोघांचं नुसतं ऐकून घेतलं आणि तडक डॉक्टरांकडे गेलो.

अर्धांग नाही, चेहऱ्याची नस सुजलीय, ते म्हणाले. लसीने क्वचित होतं, पण तुम्हाला शुगर आहे, तिनेही होतं... नक्की कशाने ते ठाम सांगता येत नाही. वेळेत आलात म्हणून गोळ्यांचा उपयोग होईल.

पुढे काही दिवस तोंडावर रुमाल धरूनच फेरीने ये-जा केली; लसीचं मात्र ड्रायव्हरने जेट्टीभर सांगून ठेवलं होतं. एकदा मागच्या बाकावर एक तरुण आई, मांडीवर पोर, शेजारी सासू. माझे कान तिखट... "बघा आई, त्या शेटचं तोंड लसीनं गेलं. मी न्हाय नेणार याला गोवराच्या डोसाला."

माझं तोंड माझ्यापुरतं वाकडं होतं तोवर ठीक होतं. आता त्याच्यापायी या पोराचा डोस बुडणार होता.

वळून म्हटलं, "ताई, माझी लस वेगळी होती. आणि तिच्यानेच झालं असं डॉक्टरही म्हणत नाहीत. झालं नसेल असंही नाही." अर्धे शब्द ओठांतून सांडत होते.

सासूने मला नीट न्याहाळलं. "मग शेट, तुम्ही घ्याल का परत?"

मनात होतं, नको. पण खोटं बोललो असतो तर म्हातारीने तिथंच पकडलं असतं... म्हटलं, "डॉक्टरांना विचारतो. घ्या म्हणाले तर घेईन."

"मग आम्ही पण नर्सबाईला इचारतो. तिचं तोंड तरी सरळ हाय."

सून हसली. मीही हसलो, एका बाजूने.

परवा दिघीच्या धक्क्यावर तिघं पुन्हा दिसली. पोर डोस घेऊन आलेलं, भोकाड पसरलेलं. ड्रायव्हर टेम्पो मागे घेत होता, मी सवयीने ओठ जुळवले... आणि बारीक, जराशी तिरकी, पण शिट्टी निघाली. पोर रडायचं थांबून माझ्याकडे बघत राहिलं.

डॉक्टर म्हणालेत, पुढच्या वर्षी घ्यायला हरकत नाही. भीती आहेच... पण जाईन. म्हातारी रोज याच फेरीने येते, आणि ती विचारल्याशिवाय राहायची नाही.