वर्गात कोणी 'मले' म्हणते का?

"कॉन्व्हेंटची आहे म्हणे, आन् 'मले' म्हणते!"

मागच्या बाकावरून हे आलं तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. फळ्यावर आमच्या गावच्या तलावाचा अर्धवट नकाशा. भूगोलाच्या एम.ए.ला प्रत्येकाला पाळीपाळीने सेमिनार द्यावा लागे, मराठीत किंवा इंग्रजीत, ज्याला जसा जमेल तसा. माझा तो पहिलाच. 'मले हा तलाव लहानपणापासून माहीत आहे,' एवढंच बोलून झालं होतं. वर्ग हसला. सरही हसले, रुमालाआड. उरलेलं मी मान वर न करता भराभर वाचून टाकलं.

हसणाऱ्यांत एकही पुण्याचा नव्हता. सगळे ब्रह्मपुरीच्या आसपासचे. तास सुटल्यावर टपरीवर तीच तोंडं म्हणत होती, "भाऊ, मले बी एक चहा."

परतीच्या जीपमध्ये मैत्रीण म्हणाली, "मनावर नको घेऊ वं."

"तू बी 'मले'च म्हणते ना?"

"म्हणतो. पण वर्गात कोणी म्हणते का?"

माझ्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत. त्यामुळे मराठी मला घरातून आली तेवढीच आली, आईच्या तोंडची. मराठी शाळेत गेलेल्यांनी मात्र दोन मराठी शिकून घेतल्या होत्या, एक वर्गातली आणि एक बाहेरची. उंबऱ्याशी चपला काढाव्यात तशी भाषाही काढून ठेवायची असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता मी 'मला' लिहिते. लिहिताना अजूनही राग येतो.

सरांनी बोलावून समजावलं, "तू इंग्लिशमध्येच देत जा. तुला ते शोभतं."

शोभतं! जणू मी बांगड्या निवडत होते.

पुढचा सेमिनार वैनगंगेच्या पुरावर होता. दिला इंग्रजीत. एकदाही अडखळले नाही, कारण समोर कोणी ऐकतच नव्हतं. पहिल्या दोन-तीन वाक्यांनंतर पेनं खाली ठेवली गेली. शेवटी टाळ्या मात्र जोरात. सर म्हणाले, "एक्सलंट! असा कॉन्फिडन्स पाहिजे."

बाहेर आल्यावर नदीकाठच्या गावातली एक मुलगी माझ्याजवळ आली. "मस्त बोलली वं तू. कायच्यावर होता?"

"पुरावर."

"आमच्या घरात दरसाल पाणी शिरते," ती म्हणाली, "त्या पुरावर?"

मी हो म्हटलं. ती आणखी काही विचारेल असं वाटलं, पण तिची जीप आली.

त्या दिवशी घरी जेवले नाही. वर्ग हसला तेव्हाही मी इतकी चिडले नव्हते. मी चुकीचं बोलते म्हणून ते हसले होते, ते कळण्यासारखं तरी होतं. या टाळ्या कशाच्या होत्या?

तिसरा सेमिनार धानाच्या शेतीला लागणाऱ्या पाण्यावर होता. संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली की मी समोर उभी राहून तो मोठ्याने सांगू लागले. तिला समजलं नाही की ती सूप थांबवी. "हे काय म्हनलं तू?" मग मी ते दुसऱ्या शब्दांत सांगे. सूप पुन्हा हलू लागलं की पुढे जायचं. ती हसली नाही असं नाही, पण हसली ती मी हातवारे फार करत होते म्हणून. हळूहळू सूप थांबेनासं झालं, आणि मला कागद लागेनासा झाला.

वर्गात कागद न घेताच उभी राहिले. मी मराठीत सुरुवात केली. पहिलं वाक्य संपायच्या आत मागे कोणीतरी खुसखुसलं आणि सरांनी हात वर केला. "इंग्लिशमध्ये, इंग्लिशमध्ये. मागच्या वेळी किती छान झालं होतं!"

नेहमी अशा वेळी मी खाली बघते. या वेळी सरांकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे, आणि घरी आईसमोर बोलायचे तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले,

"सर, मागच्या वेळी मी इंग्लिशमध्ये काय बोलली, ते इथी कोणाले समजलं?"