उरलेल्या सहांनी काय पाप केलंय?

सातपूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सी लँग्वेज शिकवते. मी शिकवलेलं किती जणांच्या लक्षात राहतं देव जाणे, पण त्यांनी मला सुनावलेलं एकही वाक्य मी विसरलेले नाही! चहाला बसलं की एकेक निघत जातं. त्यातले निम्मे किस्से एकाच प्रोग्रामचे. मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोन घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याला दोनने गुणायचं. बस्स, एवढंच!

*

मंगलाताई सत्तेचाळीस वर्षांच्या, कारखान्यात प्रेस मशीनवर. तपासणी विभागात कॉम्प्युटरवर काम मिळावं म्हणून क्लास लावलेला. फर्स्ट शिफ्ट संपली की डब्याच्या पिशवीसकट थेट हजर! तीन बाय तीनचं मॅट्रिक्स दिलं, तर त्यांनी नऊ आकड्यांसाठी नऊ ओळी लिहिल्या.

"ताई, लूप लावा ना. एकच ओळ हवी तितक्यांदा आपोआप फिरते."

"कशाला? नऊच तर आहेत. उत्तर बरोबर आलं ना?"

आलं होतं! मी म्हटलं, "बरं, आता शंभर बाय शंभरचं करा."

त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना, मॅडम!"

*

त्यांच्या शेजारी बसायची हिरा. पेठ तालुक्यातली, इथे होस्टेलवर राहणारी. तिनं लूप लावला, पण एकच. ओळ आणि रकाना दोन्हीला तोच आकडा.

"आत दुसरा लूप हवा," मी म्हटलं.

"माझा लूप तीनदा फिरला का नाय? मग मी चुकले नाय!"

मंगलाताईंनी तिच्या स्क्रीनवर नजर टाकली. "अगं, तिरप्या रेषेतले तीनच दुप्पट झालेत. उरलेल्या सहांनी काय पाप केलंय?"

हिरानं आतला लूप लिहिला. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला आतला लूप मंगलाताईंच्या याच प्रश्नानं शिकवते.

*

हिराचा चुलतभाऊ तिला म्हणाला, "एवढं डोकं कशाला लावतेस? एआयला विचार, दोन सेकंदांत लिहून देतं."

तिनं विचारलं. मग तो कोड वहीत उतरवून एकेक ओळ ताडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितलं, "मॅडम, त्यानं बरोबर लिहिलंय. मी तपासलं!"

*

मंगलाताईंच्या सुपरवायझरला क्लासचं कळलं. सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "ताई, या वयात लूप-बिप शिकून काय करणार?"

"साहेब, वीस वर्षं रोज तोच पार्ट हजारदा काढतेय. लूप काय असतो ते मला नका सांगू!"

*

आणि मग प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक मंगलाताईंच्या मागे थांबले. आउटपुट बरोबर. त्यांनी साडीकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. "कुणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं."

त्यांनी उत्तरपत्रिकेवर शेरा मारला, 'मदत घेतली'. मी पुढे झाले, तर मला हातानंच थांबवलं. मग वाकून सगळा कोड डिलीट केला. "आता माझ्यासमोर लिहा. आणि दोनने नको, अडीचने गुणा."

पूर्णांकांच्या चौकोनात अपूर्णांक टिकत नाही, साडेसातचे सरळ सात होतात. हे मी वर्गात एकदाच, घाईघाईत सांगितलं होतं.

मंगलाताईंनी दोन बोटांनी टाइप करायला सुरुवात केली. बाहेरचा लूप, आतला लूप. मग हात थांबला. पुन्हा कोडच्या वरच्या ओळीवर गेल्या, पूर्णांकाचं 'इंट' खोडून अपूर्णांक चालणारं 'फ्लोट' केलं, आकडे घ्यायच्या आणि छापायच्या ओळीही बदलल्या. रन केलं. नऊच्या नऊ आकडे बरोबर!

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उठा आता."

त्या उठल्या नाहीत.

"साहेब, तुम्ही माझा कोड पुसलात, मी परत लिहिला. आता तुमचा शेरा पुसा."

"तो पेनानं लिहिलाय, बाई."

"मग खोडा. आणि खाली सही करा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं.