ठेवलेलं पाणी

देव आपलं ऐकतो की नाही, ही शंका मला कधी आली नव्हती. ती आली गेल्या उन्हाळ्यात, जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरातल्या एका वृद्धाश्रमात, हातात पाण्याचा पेला घेऊन उभी असताना.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, भाषा शिकले आणि पन्नाशीला टेकल्यावर नर्सिंग असिस्टंट झाले. म्हातारपणी तहान कळेनाशी होते. जीभ कोरडी पडली, लघवी गडद झाली, माणूस बरळू लागला, की पाणी कमी पडतंय असं समजावं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत वर्गात पहिली आले होते, त्याचा तोराही होता.

माझ्याकडे सत्त्याऐंशी वर्षांच्या एक बाई होत्या. मनात मी त्यांना आजीच म्हणायचे. त्या दिवसभरात किती पाणी प्यायल्या, ते दारामागच्या तक्त्यावर लिहायचं असे. आता खरं सांगते. घरी मी रोज नैवेद्य दाखवते. ताट ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे, की देवाला पोचलं. ताट भरलेलंच परत येतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीच सवय मी कामावर नेली. आजींपुढे पेला ठेवायचा, ‘घ्या हं’ म्हणायचं, तक्त्यावर दोनशे मिलिलिटर लिहायचं आणि पुढच्या खोलीत पळायचं. परत येईपर्यंत ट्रेबरोबर पेलाही उचललेला असायचा.

कडक उन्हाचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी आजी मला आई समजून हाका मारू लागल्या आणि दुपारपर्यंत हाकेला ओ देईनाशा झाल्या. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेल्यावर आमच्या प्रमुख बाईंनी तक्ता माझ्यापुढे धरला.

“आल्झो, सांग बघू, हे त्या प्यायल्या, की तू ठेवलंस?”

“ठेवलं,” मी म्हणाले.

आठ दिवसांनी आजी परतल्या त्या तोंड घट्ट मिटूनच. यापुढे नळी नको, सलाईन नको, असं त्यांनी तिथे शुद्धीवर आल्यावर लिहून दिलं होतं. म्हणजे तोंडावाटे जाईल तेवढंच, नाहीतर संपलं. मी रोज त्यांना ताठ बसवायचे, चमचा ओठांशी न्यायचे, आणि त्या मान फिरवायच्या. घरी मी देवाजवळ दिवा लावणं बंद केलं. कुठल्या तोंडाने लावू? माझ्या खोट्या आकड्यांनी एक बाई मरणार होती आणि तो नुसता बघत होता. मला त्याचा राग यायचा, त्याहून जास्त स्वतःचा.

एका सकाळी मी त्यांच्या पलंगाशी बसून रडत होते. तेवढ्यात निळा स्वेटर घातलेल्या एक वृद्ध बाई आत आल्या. खोली चुकल्या होत्या. परत न जाता त्या खुर्ची ओढून बसल्या.

“एकटं कोण पितं गं?” त्या म्हणाल्या. “आधी तू घे. सकाळपासून काही प्यायली आहेस का?”

नव्हते प्यायले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्यांनी मला पेला भरून दिला, स्वतःसाठी एक भरून उचलला आणि आजींकडे बघत, इथे पिण्याआधी म्हणतात तसं, “प्रोस्ट” म्हणाल्या. मी घटाघटा प्यायले. आजी बघत होत्या. त्यांचे ओठ हलले. मी चमचा नेला, त्यांनी घेतला, गिळला. मी थांबले. मग दुसरा. पूजेत पळीने पाणी सोडतात तसं होत होतं, आणि मनात आपोआप आलं, ‘मध्ये पानीयं समर्पयामि’. इतकी वर्षं म्हणत आले होते, पण घेणाऱ्याच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. अकरा चमचे झाले. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्या कुणाकडे आल्या होत्या, ते मी कुणाला विचारलं नाही. मला विचारावंसंच वाटलं नाही.

त्या संध्याकाळी दिवा लावला. देवाला काही मागितलं नाही. पळीभर पाणी ठेवलं आणि समोर बसून राहिले. घ्यायचं की नाही, ते त्याच्या हाती. आपण उठून जायचं नाही, एवढंच मला कळलं.

आजी पुढे सात आठवडे होत्या. रोज आम्ही दोघी बरोबर प्यायलो. मग त्या वयाने गेल्या, तहानेने नाही. त्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ माझ्या हातची आहे: तीन चमचे. तेवढेच घेतले होते, तेवढेच लिहिले.